कंपनीने भरलेला मेडिक्लेमचा हप्ता आपलं उत्पन्न धरावा का?

अबोली_कोथरूड

बरेच दिवस लिहायचं होतं, आज वेळ काढून लिहिते. थोडं लांबेल.

एप्रिल २०२४ मध्ये मी हिंजवडीतली नोकरी सोडली. १४ वर्षं एकाच कंपनीत होते. शेवटच्या दिवशी लॅपटॉप आणि आयकार्ड जमा केलं आणि त्याच रात्री बारा वाजता आमच्या चौघांचा मेडिक्लेम संपला. मी, नवरा, मुलगी आणि माझे बाबा. बाबा तेव्हा ७० वर्षांचे, २०१९ मध्ये बायपास झालेली.

पुढच्या आठवड्यात विमा एजंट घरी आले. नवऱ्याला मधुमेह आहे म्हणून आधी तपासण्या झाल्या. आम्हा तिघांची मिळून १० लाखांची फ्लोटर पॉलिसी ३८,००० रुपयांना पडली, वर तेव्हाचा १८ टक्के जीएसटी, ६,८४० रुपये. बाबांची पॉलिसी वेगळी. ५ लाखांचीच, हृदयाच्या आजाराला ३ वर्षांचं वेटिंग (तोवर त्या आजाराचा खर्च मिळत नाही), आणि हप्ता ६२,०००. एजंट गेल्यावर मी जुन्या पगाराच्या स्लिपा काढून बसले. कंपनी आमच्यासाठी नक्की किती भरत होती हे मला बघायचं होतं. बेसिक, एचआरए, स्पेशल अलाउन्स, पीएफ, प्रोफेशनल टॅक्सचे २०० रुपयेसुद्धा होते. मेडिक्लेमची ओळ कुठेच नव्हती. फॉर्म १६ मध्येही सापडली नाही. १४ वर्षं कुणीतरी माझ्या नावाने पैसे भरत होतं आणि ते किती, हे मला आजही सांगता येणार नाही.

आता मुद्दा. मी घरून डिझाइनचं काम करते, दोन मुलं हाताखाली आहेत. कराची नवी प्रणाली घेतली आहे. तिच्यात ८०डी नाही, म्हणजे स्वतः भरलेल्या हप्त्याची वजावट मिळत नाही. माझा वरचा स्लॅब २० टक्के, सेस धरून २०.८. म्हणजे ३८ हजारांचा हप्ता भरायला मला जवळपास ४८ हजार कमवावे लागतात. माझी जुनी मैत्रीण अजून त्याच कंपनीत आहे. तोच स्लॅब, घरात तेवढीच माणसं. तिच्या कंपनीने तिच्यासाठी तेवढेच पैसे भरले तर तिला एक रुपयाही कर नाही. जुनी प्रणाली घेतली तरी नाही, नवी घेतली तरी नाही.

कंपनी हे पैसे मनाच्या मोठेपणाने देत नाही. ते कामाचा मोबदला म्हणूनच देते, सीटीसीमध्ये, म्हणजे आपल्यावरच्या एकूण खर्चात, धरते. मग तो पगारच झाला. पगार असेल तर उत्पन्नात का धरू नये? आणि धरायचा नसेल तर माझाही धरू नका. आजाराला नोकरदार कोण आणि धंदेवाला कोण हे कळत नाही, मग आयकर खात्याने ते का बघावं?

तुमची मतं लिहा. विशेषतः कुणी सीए असतील तर माझं कायद्याचं म्हणणं तपासून सांगा.

---

सीए_करवीर

अबोलीताई, कायदा तुम्ही बरोबर सांगितला आहे. १९६१ च्या कायद्यातले कलम क्रमांक देतो, तेच सगळ्यांच्या तोंडात आहेत.

मालकाने पगाराव्यतिरिक्त दिलेल्या सोयी म्हणजे परक्विझिट, त्या कलम १७(२) मध्ये करपात्र धरल्या जातात. घर, गाडी, बिनव्याजी कर्ज, सगळं तिथे येतं. पण त्याच कलमाच्या परंतुकात, म्हणजे पुढे जोडलेल्या अपवादात, कर्मचाऱ्याच्या आरोग्य विम्याचा हप्ता वगळला आहे. नवी प्रणाली आणताना सरकारने एचआरए, एलटीए, ८०सी, ८०डी अशा बऱ्याच गोष्टी काढल्या, पण या परंतुकाला हात लावला नाही. तिकडे मालकाला हाच हप्ता ३६(१)(आयबी) खाली खर्च म्हणून वजा मिळतो. म्हणजे देणाऱ्याला खर्च आणि घेणाऱ्याला उत्पन्न नाही.

स्वतः भरणाऱ्याला ८०डी, तेही फक्त जुन्या प्रणालीत: स्वतः, जोडीदार आणि मुलांसाठी २५,०००, आईवडिलांसाठी आणखी २५,०००, ज्येष्ठ असतील तर ती मर्यादा ५०,०००. मालकाने भरलेल्या हप्त्याला अशी कमाल मर्यादाच नाही. वरच्या हुद्द्यावरच्या माणसाला कंपनीने २ लाखांचा हप्ता भरून दिला तरी तो पूर्ण करमुक्त.

माझ्याकडे दर जुलैमध्ये विवरणपत्रं भरायला येणाऱ्यांत दुकानदार, वकील, शिकवण्या घेणारे असे खूप लोक असतात. नव्या प्रणालीत कर कमी बसतो म्हणून ती घेतात आणि मेडिक्लेमची पावती माझ्या टेबलावर ठेवून विचारतात, याचं काय? मी ती पावती परत देतो. दरवेळी वाईट वाटतं.

---

गौरी_एचआर

मी ११ वर्षं पुण्यात एचआरमध्ये आहे, त्यातली ६ ग्रुप मेडिक्लेमचं नूतनीकरण स्वतः केलंय. अबोली यांची चीड समजते, पण हप्ता करपात्र करावा याला माझा पूर्ण विरोध आहे.

हा हप्ता ठरतो कसा ते आधी बघा. गेल्या वर्षी आपल्या लोकांनी किती क्लेम केले, त्यावर विमा कंपनी पुढच्या वर्षाचा आकडा देते. समजा २०० जणांची कंपनी, हप्ता ३६ लाख. सरासरी माणशी १८,०००. पण तो २३ वर्षांच्या एकट्या मुलाचा १८,००० नसतो आणि आईवडिलांना धरून सहा माणसं असलेल्या पन्नाशीतल्या मॅनेजरचाही १८,००० नसतो. कुणाच्या उत्पन्नात किती मिळवायचे? सगळ्यांच्या सारखे मिळवले तर तरुण मुलगा न वापरलेल्या गोष्टीवर कर भरेल. वयाप्रमाणे मिळवले तर ज्याच्या घरात आजारपण त्यालाच जास्त कर.

आणि कर लागला की तरुण पोरं पहिल्या दिवशी येऊन सांगतील, मला नको विमा, पैसे द्या. ती बाहेर पडली की मागे उरतील म्हातारे आईवडील आणि जुने आजार. पुढच्या वर्षीचा हप्ता दीडपट होईल, मग मालक म्हणेल, आईवडील काढा. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आधीच्या एका ठिकाणी आईवडिलांचं कव्हर ऐच्छिक केलं, निम्मा हप्ता पगारातून. दोन वर्षांत ज्यांना खरंच गरज होती तेवढेच उरले आणि तिसऱ्या वर्षी विमा कंपनीने असा आकडा दिला की ते कव्हर बंदच करावं लागलं. एका ड्रायव्हरदादांच्या आईचं डायलिसिस चालू होतं. त्यांना ते सांगायला मलाच बसवलं होतं.

---

कोकणकडा

+१ गौरी. करपात्र म्हटलं की सरकारला एवढंच ऐकू येईल.

---

खारा_वारा

माझा मुलगा ९ वर्षांचा आहे. तिसऱ्या वर्षी त्याला नेफ्रोटिक सिंड्रोम झाला. मूत्रपिंडातून प्रथिनं वाहून जातात, अंगावर सूज येते, औषधांनी थांबतं आणि पुन्हा उलटतं. आतापर्यंत पाच वेळा उलटलं. रोज सकाळी आम्ही त्याच्या लघवीत पट्टी बुडवून रंग बघतो आणि वहीत लिहितो. हिरवा गडद दिसला की डॉक्टरांना फोन.

दोन विमा कंपन्यांनी त्याला थेट नकार दिलाय. माझ्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत तो पहिल्या दिवसापासून आहे, कुणी एक प्रश्न विचारला नाही. या सोयीवर कर लावायचा विचार वाचूनसुद्धा पोटात गोळा येतो. तुमच्यावर अन्याय होतोय हे मान्य आहे, अबोली. पण आमचं आहे ते मोडून तो भरून निघणार नाही.

---

अबोली_कोथरूड

@खारा_वारा, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. तुमचं काही मोडावं असं मला स्वप्नातही वाटत नाही. एकच विचारते, राग मानू नका. त्याच्या आजारामुळे तुम्ही नोकरी बदलू शकता का?

---

खारा_वारा

राग कसला. नाही बदलू शकत. चार वर्षांत दोन चांगल्या संधी सोडल्या. एका ठिकाणी पगार दीडपट होता, पण १२ जणांची कंपनी, ग्रुप पॉलिसी नव्हती. बायकोला स्वतःचं क्लिनिक टाकायचं आहे, ती फिजिओथेरपिस्ट आहे. ते माझ्या नोकरीवर अवलंबून, म्हणून मी हललो नाही. तुम्ही विचारलंत म्हणून लिहिलं. हे मी घरीही मोठ्याने बोलत नाही.

---

एडिसनकर

न्यू जर्सीतून. इथे या प्रश्नावर ८० वर्षं वाद चाललाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अमेरिकेत नोकरीला विमा बांधला गेला तो ठरवून नव्हे. १९४२ मध्ये युद्धामुळे महागाई वाढू नये म्हणून सरकारने पगारवाढीवर बंधन घातलं. कारखान्यांना माणसं हवी होती आणि पगार वाढवता येत नव्हता. विमा आणि पेन्शन त्या बंधनाबाहेर होतं, म्हणून मालकांनी विमा देऊन माणसं ओढली. १९४३ मध्ये कर खात्याने सांगितलं की हे कामगाराचं उत्पन्न नाही, आणि १९५४ च्या करसंहितेत ते कायमचं आलं. आज १५ कोटींहून जास्त लोकांचा विमा नोकरीतून येतो.

अबोली म्हणतात तशी ओळ आमच्याकडे आहे. वर्षअखेरीला मिळणाऱ्या डब्ल्यू-२ वर (आपल्या फॉर्म १६ सारखा कागद) १२ नंबरच्या चौकटीत डीडी या अक्षरांपुढे कंपनीचा आणि आपला मिळून पूर्ण हप्ता छापलेला असतो. २०१० च्या ओबामांच्या कायद्याने ते आणलं. कर नाही, फक्त माहिती. माझा गेल्या वर्षीचा आकडा २४,६०० डॉलर होता. मी तो बायकोला दाखवला तेव्हा तिने चष्मा लावून पुन्हा वाचला. सिव्हिक गाडीच्या किमतीएवढा हप्ता, दरवर्षी.

हप्ता करपात्र करण्याचे प्रयत्नही झाले. २००८ च्या निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवार मॅकेन यांनी मांडलं होतं की मालकाचा हप्ता उत्पन्नात धरा आणि बदल्यात प्रत्येकाला, नोकरदार असो वा नसो, करात सरळ सूट द्या: एकट्याला २,५०० डॉलर, कुटुंबाला ५,०००. अबोलींच्या म्हणण्याच्या हे फार जवळ जातं. प्रचारात विरोधकांनी त्यातला पहिला अर्धा भागच लोकांपुढे ठेवला. मग ओबामांच्या कायद्यात महागड्या पॉलिसींवर कर आला, 'कॅडिलॅक टॅक्स' म्हणून ओळखला गेला: कुटुंबाला २७,५०० डॉलरच्या वरच्या हप्त्यावर ४० टक्के. २०१८ पासून लागायचा होता. दोनदा पुढे ढकलला आणि डिसेंबर २०१९ मध्ये रद्द झाला, एक डॉलरही वसूल न होता. मालक आणि कामगार संघटना दोघेही विरोधात होते. अर्थतज्ज्ञ डावे असोत वा उजवे, या सवलतीवर टीका करतात, आणि तिला हात लावायची हिंमत कुणाची होत नाही.

तिला हात का लावावा हे माझ्या मित्राच्या घरी दिसलं. तो एच-१बी व्हिसावर आहे. नोव्हेंबरमध्ये नोकरी गेली. दुसरी शोधायला ६० दिवस. आठवड्याने कोब्राचं, म्हणजे नोकरी गेल्यावर विमा चालू ठेवू देणाऱ्या कायद्याचं, पत्र आलं: जुना विमा चालू ठेवायचा तर हप्त्याच्या १०२ टक्के, महिना २,१०० डॉलर. बायको सातव्या महिन्यात. स्वयंपाकघरातल्या फ्रिजवर एका चुंबकाखाली ते पत्र आणि सोनोग्राफीचा फोटो लावलेला होता. त्याने भरले. बचतीतून.

भारतात अजून नोकरीला विमा इतका घट्ट बांधलेला नाही. बांधला गेला की सोडवणं फार अवघड जातं, एवढं सांगायला लिहिलं.

---

चाकण_एमआयडीसी

सगळे मोठ्या पगाराचे बोलत आहेत. थोडं आमचंही ऐका.

मी कंत्राटदाराकडे आहे. पगार २०,६०० होता तोवर ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, होतं. माझे महिन्याला १५५ आणि मालकाचे ६७० जायचे. त्यात मुलीचा जन्म झाला, आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, खिशातून काही गेलं नाही. गेल्या जुलैमध्ये पगार २१,८०० झाला. ईएसआयची मर्यादा २१,०००. सप्टेंबरपर्यंत कपात चालली, ऑक्टोबरपासून बंद. थोडे महिने कार्ड चालतं, पुढे नाही. १,२०० रुपये पगार वाढला म्हणून पेढे वाटले होते.

कंत्राटदाराला विचारलं तर म्हणाला, ग्रुप मेडिक्लेम कायम कामगारांना, तुम्हाला नाही. एकाच लाइनवर एकच बोल्ट आम्ही दोघं आवळतो.

महात्मा फुले योजना आहे, ५ लाखांपर्यंत. पण उपचार यादीतला हवा आणि दवाखानाही. म्हणून १७,००० ची पॉलिसी घेतली. मला कर लागतच नाही. मग ८०डी असली काय, नसली काय? तुमच्या करमाफीतलं मला काय मिळणार ते सांगा.

---

सीए_करवीर

@चाकण_एमआयडीसी, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. खरं उत्तर देतो: काहीच नाही.

आकडे बघा. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर रिबेटमुळे कर शून्य, पगारदाराला प्रमाणित वजावट धरून १२.७५ लाखांपर्यंत. म्हणजे त्याखालच्या माणसाला मालकाच्या हप्त्यावरची सवलतही शून्यच. २० टक्के स्लॅबवाल्याला ३०,००० च्या हप्त्यामागे ६,२४० रुपये वाचतात, ३० टक्केवाल्याला ९,३६०. ज्याचं उत्पन्न जास्त त्याला सरकारची मदत जास्त, ज्याला गरज त्याला काही नाही. वजावटीच्या रूपात दिलेली कुठलीही सवलत अशीच चालते. तुमच्यापर्यंत काही पोचवायचं असेल तर ते हप्त्यातच आलं पाहिजे, करात नाही.

तसं एक झालं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला, फ्लोटर पॉलिसींसकट. कर भरणारा असो वा नसो, हे सगळ्यांना मिळालं. अबोलीताईंचे ६,८४० वाचले, तुमच्या १७,००० वरही ३,०६० लागले असते. ग्रुप पॉलिसीवर मात्र १८ टक्के अजून आहे. म्हणजे एका टोकाला तराजू थोडा तुमच्या बाजूला झुकलाय.

आता @गौरी_एचआर यांच्या मुद्द्याकडे. मोजता येत नाही हे मला पटत नाही. कंपनीची गाडी वापरली तर तिचं मूल्य आपण किलोमीटर मोजून काढत नाही, नियमात ठरलेला आकडा धरतो. तसाच इथेही धरता येईल. आणि 'मर्यादेपर्यंत माफ, वर करपात्र' हेही आपल्याकडे नवं नाही. मालकाने पीएफ, एनपीएस आणि सुपरअॅन्युएशन या निवृत्तीच्या फंडांत मिळून वर्षाला साडेसात लाखांपेक्षा जास्त भरले तर वरची रक्कम २०२०-२१ पासून करपात्र आहे. आरोग्य विम्याला तशी मर्यादा घाला. सामान्य कर्मचाऱ्याच्या हप्त्याला ती शिवणारही नाही, वरच्या मजल्यावरच्यांना लागेल. तरुण मुलं बाहेर पडतील ही भीती मात्र खरी आहे आणि तिचं उत्तर माझ्याकडे नाही.

---

गौरी_एचआर

मर्यादेची कल्पना मला चालेल. मर्यादेखाली सगळं माफ राहिलं तर तरुणांना बाहेर पडायचं कारणच उरत नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच सूचनेत आहे, सर.

पण दुसरा अर्धा भाग, म्हणजे स्वतः भरणाऱ्यांना तीच सूट, सरकार देईल यावर कुणाचा विश्वास आहे?

---

सीए_करवीर

२०१८ च्या अर्थसंकल्पात असंच झालं होतं. मालकाकडून मिळणारी १५,००० ची औषधांची भरपाई आणि १९,२०० चा वाहतूक भत्ता, या दोन्हींवरची माफी काढली आणि बदल्यात ४०,००० ची प्रमाणित वजावट दिली. काढले ३४,२००, दिले ४०,०००. फरक ५,८०० चा. त्याच वर्षी सेस ३ वरून ४ टक्के केला, त्यामुळे चांगल्या पगारवाल्यांना तो फरकही पुरला नाही. पण दोन्ही भाग एकाच अर्थसंकल्पात आले, हे मान्य करावं लागेल. तशी अट आपणही घालायची: एकाच दिवशी दोन्ही.

---

थेम्सकाठी

लंडन. इथे मालकाने खाजगी आरोग्य विमा दिला तर तो सरळ उत्पन्नात धरतात. माझा हप्ता ९०० पौंड, स्लॅब ४० टक्के, म्हणजे ३६० पौंड कर. मालकालाही त्यावर नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे सरकारी सामाजिक सुरक्षेची वर्गणी, भरावं लागतं. कुणी कुरकुर करत नाही. मुलाचा हात मोडला तेव्हा रात्री दोनला सरकारी दवाखान्यात गेलो, पहाटे प्लास्टर घालून घरी आलो, कुणी पाकीट काढायला सांगितलं नाही. खाजगी विमा इथे रांग टाळायला घेतात, जगायला नाही. म्हणून त्यावर कर लावलेला रास्त वाटतो. आपल्याकडे ससूनमध्ये तसं मिळायला लागलं तर गोष्ट वेगळी. तोवर इंग्लंडचं उदाहरण देऊन भारतात कर लावा म्हणणं मला चुकीचं वाटेल.

---

विमा_सल्लागार_नाशिक

करावर मी बोलणार नाही, पण अबोली यांच्या पहिल्या पोस्टमधल्या एका गोष्टीने बेचैन झालो. बाबांना ३ वर्षांचं वेटिंग का लागलं? १४ वर्षं ग्रुपमध्ये होते ना?

ग्रुप पॉलिसीतून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं. इर्डाच्या, म्हणजे विमा नियामकाच्या, नियमात आहे. ग्रुपमध्ये सलग काढलेली वर्षं वेटिंगमधून वजा होतात, आधी जेवढं कव्हर होतं तेवढ्या रकमेपुरती. नवा हप्ता कंपनी तिच्या दराने लावते. पण अर्ज कव्हर संपायच्या आधी करायचा. आधीच्या आजारांचं जास्तीत जास्त वेटिंग २०२४ मध्ये ४ वरून ३ वर्षांवर आलं, ते नव्याने येणाऱ्यांसाठी. तुमच्या बाबांची वर्षं तर आधीच भरलेली होती. कुणी सांगितलं नाही?

---

अबोली_कोथरूड

नाही. कुणीच सांगितलं नाही. कंपनीच्या निरोपाच्या कागदांत पीएफचा फॉर्म होता, ग्रॅच्युइटीचा होता, याबद्दल एक ओळ नव्हती. एजंटही काही बोलले नाहीत. म्हणजे बाबांच्या हृदयाला मी ३ वर्षं उघडं ठेवलं, केवळ एक अर्ज करायचा हे माहीत नव्हतं म्हणून. त्यातलं एक वर्ष अजून बाकी आहे. फेब्रुवारीत त्यांना रात्री छातीत दुखलं होतं, अॅसिडिटी निघाली. ईसीजीचा कागद बाहेर येईपर्यंत माझ्या डोक्यात फक्त आकडे फिरत होते. वडील समोर झोपलेले असताना मी पैशांचा विचार करत होते, ते मला अजून खुपतंय.

@गौरी, तुम्ही निरोपाच्या कागदांत हे घालाल का? तेवढं तरी आपल्या हातात आहे.

---

गौरी_एचआर

घालते. सोमवारीच. आणि स्लिपवर हप्त्याची ओळ यावी म्हणून पेरोलवाल्यांशीही बोलते. करपात्र रकमेत न मिळवता नुसती माहिती म्हणून छापता येईल. आजवर हे सुचलं नाही याचं मला खरंच वाईट वाटतंय.

---

सीए_करवीर

अबोलीताई, तुमच्या हाताखालच्या दोन मुलांसाठी एक सांगायचं राहिलं. मी वर जे परंतुक सांगितलं त्यात अजून एक उपकलम आहे. कर्मचाऱ्याने स्वतःची, कुटुंबाची पॉलिसी स्वतःच्या नावाने काढली आणि तिचा हप्ता मालकाने त्याला परत दिला, तरी ती रक्कम कर्मचाऱ्याला करमुक्त आहे. ग्रुप पॉलिसीच हवी असं नाही. छोट्या मालकांना हे माहीत नसतं. दोन माणसांची ग्रुप पॉलिसी कुणी देणार नाही, पण ही वाट मोकळी आहे. वर, पॉलिसी त्या मुलाची असल्यामुळे नोकरी सोडली तरी त्याच्याबरोबर जाते, वेटिंग पुन्हा मोजावं लागत नाही. हप्ता बँकेतून द्या, पावती आणि पॉलिसीची प्रत फाइलला ठेवा. परत दिलेल्या हप्त्यावर त्याने पुन्हा ८०डी मागायची नाही, एवढं बघा.

@खारा_वारा, त्या १२ जणांच्या कंपनीसारख्या ठिकाणीही हे करता येतं. तुमच्या मुलाला नकार मिळतो तो प्रश्न मात्र याने सुटत नाही, हे मला माहीत आहे.

---

अबोली_कोथरूड

हे मला माहीत नव्हतं! दोघांनाही एप्रिलपासून देते. एक अमरावतीची आहे, आईला दमा आहे, ती इथे एकटी राहते. काल तिला विचारलं तर पॉलिसीच नाही म्हणाली.

आणि मला स्वतःला? मी माझीच मालक आहे.

---

सीए_करवीर

तुम्हाला नाही. स्वतःच्या धंद्यात तुम्ही स्वतःच्या कर्मचारी होत नाही. प्रायव्हेट लिमिटेड काढून पगार घेतला तर होता, पण केवळ एवढ्यासाठी ऑडिटचा आणि दरवर्षीच्या फायलिंगचा खर्च अंगावर घेऊ नका.

तुम्ही कामावर ठेवलेल्या मुलीला करमाफी, स्वतः कमावून घर चालवणाऱ्या तुम्हाला नाही. तुमचा मूळ मुद्दा इथे सगळ्यात स्पष्ट दिसतो. मी जिल्ह्यातल्या आमच्या संघटनेकडून अर्थसंकल्पापूर्वीच्या सूचनांमध्ये हे पाठवायला लावणार आहे: स्वतः भरलेल्या हप्त्याची वजावट नव्या प्रणालीतही द्या, आणि मालकाच्या हप्त्याला तीच मर्यादा लावा.

---

सुमन_सातारा

पहिल्यांदाच लिहितेय इथे. सर, तुमच्या त्या सूचनांत अजून एक घालाल का?

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, जुन्या प्रणालीत. मिस्टर २०२० मध्ये गेले. सासूबाई ७६ वर्षांच्या, माझ्याजवळच असतात, त्यांना दुसरं कुणी नाही. त्यांचा ३४,००० चा हप्ता मी भरते. ८०डीमध्ये आईवडील चालतात, सासूसासरे चालत नाहीत म्हणून वजावट मिळाली नाही. मिस्टर असते आणि त्यांच्या खात्यातून भरला असता तर मिळाली असती. माझ्या धाकट्या बहिणीच्या कंपनीत ग्रुप पॉलिसीत आईवडील किंवा सासूसासरे, कुणालाही घेता येतं.

सासूबाईंचं नाव माझ्या रेशनकार्डावर आहे. गोळ्या मीच मोजून देते, सकाळी दोन आणि रात्री तीन.

---

सीए_करवीर

सुमनताई, घालतो. वेगळा परिच्छेद करून. तुमची हरकत नसेल तर नाव न देता तुमचं उदाहरण लिहू का?

---

सुमन_सातारा

लिहा.